मापात पाप नसावे

आपल्या भाषेत ‘मापात पाप’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. शब्द दोनच, परंतु बाजारात नाडल्या गेलेल्या कित्येक पिढ्यांचा अनुभव त्यांत साठलेला आहे. चोरी, खोटी साक्ष, विश्वासघात हीही पापेच होत. पण मापातल्या पापाविषयी बोलताना माणसाच्या आवाजात एक निराळीच चीड येते. तिचे कारण आम्हांस असे दिसते की, चोर चोराच्या वाटेने येतो आणि सापडला तर चोर म्हणूनच सापडतो. खोटे माप मात्र न्यायाच्या वेषात, भर बाजारात, कपाळावर सरकारी शिक्का मिरवीत येते. ज्याच्यावर भरवसा ठेवून तंटा तोडावयाचा तेच खोटे निघाले, तर दाद मागावयाची कोणाकडे?

आमचे सारे आयुष्य वर्धा जिल्ह्यात गेले. हा मुलूख कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेतील व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. दिवाळीनंतर बाजाराच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या, की काट्याभोवती जी माणसे उभी राहतात त्यांचे चेहरे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. एरवी बोलका असलेला शेतकरी तेथे मुका होतो. त्याचे सारे लक्ष काट्यावरील आकड्याकडे असते. पावसाळाभर त्याने जे सोसले त्याचा निकाल तो आकडा देणार असतो. आकडा पटला नाही तर ‘पुन्हा मोजा’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तो प्रसंगी बजावतोही. वाण्याच्या तराजूवर, पेट्रोलच्या पंपावर, सोनाराच्या काट्यावर सरकारी खात्याची नजर असते. त्यांवर शिक्का नसेल तर दंड होतो.

परंतु याच जिल्ह्यात रोज आणखी एक माप होत असते. त्याच्यासमोर ज्याचे हित-अहित पणाला लागलेले असते, तो मनुष्य काट्यापाशी उभा नसतो. तो गुंगीच्या औषधाने निजलेला असतो. ‘पुन्हा मोजा’ असे म्हणण्याची सोय त्याला नाही. आम्ही म्हणतो ते माप शस्त्रक्रियेच्या यंत्रातील विजेचे. विषय रुक्ष वाटेल. पण पदार्थविज्ञान शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली असल्याने अशा रुक्ष गोष्टींतच आमचा जीव रमतो, आणि ही गोष्ट तर वाचकांपैकी कोणाच्याही अंगावर उद्या येण्याजोगी आहे.

या यंत्राला शस्त्रक्रियागारात ‘कॉटरी’ म्हणतात. दिसावयास ते एखाद्या पेटीसारखे असते. त्यातून एक तार निघून डॉक्टरांच्या हातातील पेन्सिलीएवढ्या दांडीत जाते. दुसरी तार रोग्याच्या मांडीला किंवा पाठीला चिकटविलेल्या रुंद पट्टीस जोडलेली असते. वीज दांडीच्या बारीक टोकातून देहात शिरते आणि पट्टीवाटे परत जाते. टोकाशी ती दाटीवाटीने शिरत असल्यामुळे तेथे एवढी उष्णता उत्पन्न होते की मांस चिरले जाते, किंवा रक्त गोठून वाहणारी शीर बंद होते. पट्टीपाशी तीच वीज मोठ्या क्षेत्रावर पसरत असल्याने तेथे फारसे काही जाणवत नाही. घरातील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. या यंत्रातील वीज सामान्यतः ३ ते ५ लाख आवर्तने करते. एवढ्या वेगापुढे स्नायू व मज्जातंतू जणू बधिर होतात आणि झटका बसत नाही. हा शोध दार्सोंव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ च्या सुमारास लावला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्याच्या नावाचा गॅल्व्हॅनोमीटर विद्यार्थी हाताळतात तोच हा गृहस्थ. विजेने देह कसा वागतो याचा शोध आणि वीज मोजावयाचे साधन, या दोहोंवर एकाच माणसाचे नाव असावे हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

डाग देण्याची विद्या आपणांस नवी नाही. खेड्यापाड्यांत बिब्ब्याचा डाग घेतलेली माणसे अजून भेटतात. सुश्रुताने तर अग्निकर्मास स्वतंत्र अध्याय दिला आणि भाजण्याचे चार प्रकार सांगितले: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. यांतील तिसरा तेवढा वैद्याला हवा. बाकीचे, कमी असोत की जास्त, दोषच. म्हणजे उष्णता पुरेशी व्हावी पण अधिक होऊ नये हा प्रश्न प्राचीन वैद्यापुढेही होता. त्याच्यापाशी मोजावयाचे साधन नव्हते. शलाकेचा रंग आणि स्वतःचा अनुभव एवढ्यावर त्याचे काम चाले. आमच्यापाशी आता साधन आहे. तेव्हा आमची जबाबदारी त्याच्याहून मोठी, हे उघड आहे.

शस्त्रक्रिया आणि वीज यांचा संबंध म्हटला की आमच्या जिल्ह्यातील जुन्या माणसांस एक प्रसंग आठवतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगातील कैदी होते. शस्त्रक्रिया चालू असता वादळामुळे विजेचे दिवे गेले, आणि राहिलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. पुढे १९३६ मध्ये गांधीजी आमच्या जिल्ह्यातील शेगावी राहावयास आले. त्या गावाचे सेवाग्राम झाले, तेथे कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सावंगी मेघे येथे १९९० मध्ये दुसरे निघाले. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर येथून माणसे आज शस्त्रक्रियेसाठी मुंबई-नागपूरकडे न धावता येथेच येतात, हे आमचे भाग्यच म्हणावयाचे.

ससूनच्या त्या रात्री वीज केवळ उजेडाची चाकर होती. ती गेली हे खोलीतील प्रत्येकास तत्क्षणी दिसले, आणि कंदील आणला गेला. पुढे अडीच-पावणेतीन वर्षांतच वीज स्वतः शस्त्र झाली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टन येथे हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने, विल्यम बोव्ही याने तयार केलेले यंत्र वापरून डोक्यावरील एक गाठ काढली. काही दिवसांपूर्वी त्याच रोग्याची शस्त्रक्रिया अतिरक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. बोव्हीचे मूळ शिक्षण वनस्पतींच्या अभ्यासातले. पण अमेरिकेतील डॉक्टर आजही या यंत्रास त्याच्याच नावाने हाक मारतात. तेव्हापासून एक नवी अडचण निर्माण झाली. दिवा गेला तर अंधार पडतो. पण शस्त्र झालेली वीज थोडी कमी किंवा थोडी जास्त झाली, तर कोणालाही काही दिसत नाही. यंत्राच्या पडद्यावरील आकडा जेथे होता तेथेच राहतो.

त्या आकड्याचा अर्थ काय? पडद्यावर ४० लिहिले असेल, तर यंत्र म्हणते की मी ४० वॅट, म्हणजे दर सेकंदास ४० ज्यूल एवढी ऊर्जा देत आहे. परंतु ती कोठे देणार याचा करार त्या आकड्यामागे दडलेला असतो. चरबी विजेला फार अडविते, रक्ताने भिजलेला स्नायू कमी अडवितो. आणि भाजता भाजता तेच मांस वाळून त्याचा रोध शंभराचा हजार ओहम होतो. म्हणून यंत्राचा कस लावावयाचा तर मांसाऐवजी ठरीव रोध जोडतात: चिरण्याच्या पद्धतीस बहुधा ३०० ओहम, रक्त गोठविण्याच्या पद्धतीस ५००. त्यातून जाणारा प्रवाह मोजला की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या ज्यूलच्या नियमाने शक्ती निघते. आंतरराष्ट्रीय नियमाने दाखविलेल्या आणि दिलेल्या शक्तीत शेकडा २० पर्यंतची तफावत क्षम्य मानली आहे. वाणी किलोमागे दोनशे ग्रॅम मारू लागला तर आम्ही त्याचे दुकान उठवू. पण येथे एवढी सूट आहे, कारण हे माप खरोखरच अवघड आहे. ते का अवघड आहे हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. डोळ्यांनी पाहण्याचा योग गेल्या वैशाखात आला.

आमचा एक जुना विद्यार्थी रुग्णालयांतील यंत्रांची देखभाल करतो. जिल्ह्यातील एका लहान खाजगी रुग्णालयाने त्याला बोलाविले होते. रुग्णालयाचे नाव येथे सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नव्हता. त्याने आम्हांस फोन केला आणि म्हणाला, “सर, तुम्ही वर्गात विचारायचात, काट्याला कोण तोलतो? या, दाखवतो तुम्हाला.” बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे होता, परंतु असे निमंत्रण नाकारण्याचे बळ निवृत्त शिक्षकाच्या अंगी नसते.

हकीकत अशी होती. काही महिन्यांपूर्वी तेथील डॉक्टरांनी, यंत्र रक्त थांबविण्यात कमी पडते, अशी तक्रार केली होती. वास्तविक त्या वेळी पट्टीची तार खराब झाली होती. परंतु जो कारागीर आला त्याने तार न पाहता आपल्याजवळचा साधा मीटर आणि एक रोध लावून शक्ती मोजली; ती फारच कमी भरली. तेव्हा त्याने यंत्र उघडून आतील जुळवणीचे स्क्रू, यंत्राने जितके चढू दिले तितके, चढविले. पुढे तारही बदलली गेली. तक्रार मिटली, यंत्रावर ‘तपासले, ठीक’ अशी चिठ्ठी लागली.

आता त्या कारागिराचा मीटर खोटा होता काय? मुळीच नाही. घरातील वीज मोजण्यास तो अगदी खरा होता. परंतु असे मीटर प्रवाहाची सरासरी काढतात आणि वीज सलग, नियमित लहरींची आहे असे गृहीत धरून तिला एका ठरीव अंकाने गुणून दाखवितात. रक्त गोठविण्याच्या पद्धतीत वीज सलग वाहत नाही. ती क्षणभर उसळते आणि थबकते. समजा, वेळेच्या चौथ्या हिश्शातच ती वाहते. तर सरासरी एक चतुर्थांश होते. पण उष्णता देणारे जे खरे परिणामी मूल्य, ते निम्मेच कमी होते. म्हणजे मीटर खऱ्याच्या निम्मा प्रवाह दाखविणार. आणि शक्तीसाठी प्रवाहाचा वर्ग करावयाचा असल्याने १०० वॅटच्या जागी २५ निघणार. यात लाखो आवर्तनांच्या विजेपुढे असा मीटर मुळातच मंद पडतो, हे निराळेच.

दुसरी गोष्ट त्या रोधाची. तो तारेचे वेटोळे करून बनविलेला होता. असे वेटोळे घरगुती विजेला सरळ तारेसारखेच वाटते. पण त्याची प्रवर्तकता २० मायक्रोहेन्री असेल, तर सेकंदास ५ लाख आवर्तनांना तेच वेटोळे सुमारे ६३ ओहमचा जादा अडथळा करते, आणि तो रोधाच्या लेबलावर कोठेही लिहिलेला नसतो. शिवाय रोध तापला की त्याचे मूल्य सरकते. जोडतारा लांब असल्या, किंवा लोखंडी टेबलावर लोळत असल्या, तर काही वीज वाटेतच हवेतून गळते. यांतील एकही चोर मोठा नाही. पण सारे मिळून घर रिकामे करतात.

आमच्या विद्यार्थ्याने काय केले ते सांगतो. त्याने प्रवर्तकता जवळजवळ नसलेला, मोठ्या शक्तीस पुरणारा ५०० ओहमचा रोध आणला होता, आणि तो थंड असताना व तापल्यावर असा दोनदा मोजून घेतला. जोडतारा वीतभर ठेवल्या आणि त्या लाकडी ठोकळ्यांवर उचलून घेतल्या. तारेभोवती कड्यासारखा बसणारा ट्रान्सफॉर्मर लावून, खरे परिणामी मूल्य दाखविणाऱ्या आणि कित्येक लाख आवर्तने झेपणाऱ्या मापकाने प्रवाह घेतला. ४० वॅटच्या आकड्यावर ५०० ओहममधून २८३ मिलिअँपिअर जावयास हवे होते. मापकाने ३४१ दाखविले. प्रवाहात फरक शेकडा वीस. पण वर्ग केल्यावर शक्ती ५८ वॅट, म्हणजे शेकडा ४५ अधिक. “मापकाचं मी खरं मानतो,” तो म्हणाला, “पण सर, तुम्ही मानणार नाही.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. एका साधनाची साक्ष आम्हांस पुरेशी वाटत नाही. मग आम्ही दोघांनी ज्यूलच्या काळचा जुना प्रयोग केला. रोध तेल भरलेल्या काचनळीत घालून ती नळी अर्धा लिटर पाण्याच्या थर्मासमध्ये सोडली. यंत्र दहा-दहा सेकंदांच्या बारा खेपा चालविले आणि पाणी हळूहळू ढवळून तापमान घेतले. ४० वॅट खरे असते तर पाणी सव्वादोन अंशांच्या आसपास तापले असते. ते तीन अंशांहून थोडे अधिक तापले. पाण्याला लहरींचा आकार कळत नाही, आवर्तने किती ती कळत नाहीत, आणि यंत्र कोणत्या कंपनीचे हेही कळत नाही. त्याला उष्णता तेवढी कळते, आणि रोग्याच्या देहालाही तेवढीच कळते. म्हणून या साध्या पंचाची साक्ष आम्ही फार मोलाची मानतो. नव्या पद्धतीची अचूकता वाढवावयाची असेल तर तिला अधूनमधून अशा अगदी निराळ्या जातीच्या पद्धतीसमोर उभे करावे.

यंत्रातील स्क्रू पुन्हा जागेवर आणले गेले. पण मधल्या काही महिन्यांचे काय? त्या हिवाळ्यात तेथे ज्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांत आमच्या ओळखीची एक बाई होती. सेलू तालुक्यातील, कापूस वेचून पोट भरणारी. तिची जखम लवकर भरली नाही. भोवतालची कातडी काळवंडली होती, आणि वेचणीचा ऐन हंगाम तिने खाटेवर काढला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; जितके दिवस बुडाले तितके किलो बुडाले. जखम त्या जादा अठरा वॅटांमुळेच चिघळली असे आम्ही म्हणत नाही. जखम चिघळावयास अनेक कारणे असतात, आणि तिच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी यंत्राने किती वीज दिली याची नोंद कोठेच नाही. नेमके हेच दुःख आहे. माप नसल्यामुळे यंत्र दोषी होते असे ठरत नाही आणि निर्दोष होते असेही ठरत नाही.

आम्ही तिला यंत्राची हकीकत सोप्या शब्दांत सांगितली. तिने ऐकून घेतले व म्हणाली, “गुरुजी, संध्याकाळी कापूस मोजतात तवा मी काट्यापाशी उभी राह्यतो. तिथं तं मी निजून होतो. मंग कोनं पाह्यलं असन?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारीत होती. आणि आमच्याजवळ सांगण्यासारखे उत्तर नव्हते.

येथे एक आक्षेप येईल, व तो वजनदार आहे. आमच्या परिचयाच्या एका अनुभवी शल्यविशारदांनी तो घेतलाच. ते म्हणाले, “आम्ही आकड्याकडे कोठे पाहतो? आम्ही मांसाकडे पाहतो. काम होईल तेवढी कमीत कमी वीज ठेवायची, हा आमचा नियम.” नियम उत्तम आहे, आणि जाणत्या हातांत तो रोग्याचे रक्षणही करतो. चांगली स्वयंपाकीण मीठ मापून घालते काय? परंतु तीच स्वयंपाकीण दुसऱ्याच्या घरी गेली, तेथले मीठ दीडपट खारट असले, आणि पहिलीच मूठ पातेल्यात पडली, तर पदार्थ बिघडल्यावरच तिला कळणार. शस्त्रक्रियेत तो पहिला स्पर्शही माणसाच्या देहालाच होतो. मोठ्या रुग्णालयात आज एक यंत्र, उद्या दुसरे. आज ज्येष्ठ डॉक्टर, उद्या शिकाऊ. शिकणाऱ्याला ‘तीसवर ठेव’ असे सांगितले जाते, तेव्हा सर्व यंत्रांचे तीस सारखेच असतात असे गृहीत धरलेले असते. आणि मेंदूच्या किंवा लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत, चिमट्याच्या दोन टोकांमध्ये थोड्याशा वॅटांवर काम चालते तेथे, चुकीला जागाच थोडी असते.

यंत्रे करणाऱ्यांनी यावर पुष्कळ विचार केला आहे. आजची चांगली यंत्रे स्वतःच आपला प्रवाह व दाब सेकंदास अनेक वेळा मोजतात आणि मांस वाळत जाईल तसतशी वीज सावरून शक्ती स्थिर ठेवतात. पण स्वतःला तोलणारा काटाही कोणीतरी तोललाच पाहिजे. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. दाब आणि प्रवाह यांचा क्षणाक्षणाचा गुणाकार करून शक्ती काढावयाची, तर दोन्ही एकाच क्षणाचे हवेत. ५ लाख आवर्तनांत एक आवर्तन २ मायक्रोसेकंदांचे. दोन मापांत याचा शंभरावा भाग, म्हणजे २० नॅनोसेकंदांचे अंतर पडले, तर कोनात ३.६ अंशांची चूक होते. साध्या रोधावर तिचा उपद्रव हजारात दोनएवढाच. पण दांडी मांसाला नीट टेकलेली नसेल आणि बरीचशी वीज तारांच्या धारकतेतच येरझारा घालीत असेल, तर दाब आणि प्रवाह यांत ८० अंशांचे अंतर पडू शकते. तेव्हा तीच चूक शक्तीचा आकडा तिसऱ्या हिश्शाहून अधिक बिघडविते. म्हणून एकाच रोधावर यंत्र खरे ठरले एवढ्याने समाधान मानू नये. ५० ओहमपासून २,००० पर्यंत निरनिराळे रोध लावावे, लहान आणि मोठ्या आकड्यांवर दोन्हीकडे मोजावे, आणि जी चूक नियमितपणे आढळते ती यंत्राच्या गणितातून वजा करावी. शक्य असेल तेथे तारांची धारकताही हिशेबात धरावी.

मापकाविषयी एक जुना दंडक आहे: ज्याला मोजावयाचे त्याच्या चौपट तरी मोजणारा सूक्ष्म असावा. यंत्राला शेकडा २० ची सूट, तर मापकाला ५ हून अधिक नको. आणि प्रवाहातील चूक शक्तीत दुप्पट होते, म्हणून प्रवाह शेकडा दोन-अडीचपर्यंत अचूक मिळाला पाहिजे. तो मापकही वर्षातून एकदा कोणाकडून तरी तपासून यावा, तो तपासणाराही कोणाकडून. अशी ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणांपर्यंत पोहोचली पाहिजे. गावच्या वाण्याचा किलो ज्या साखळीने राष्ट्राच्या किलोशी बांधलेला असतो, तशीच ही साखळी होय.

असे मापक महाग असतात, आणि दहा खाटांच्या रुग्णालयाने ते विकत घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. पण बाजाराच्या आवारातला मोठा काटा तरी प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतःचा कोठे असतो? तो सर्वांचा मिळून एक असतो. जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिकलेली, हात चालणारी मुले आहेत. आठच तालुके आहेत. एक चांगला मापक, दोन जाणते लोक आणि एक गाडी एवढ्यावर वर्षातून दोनदा सारा जिल्हा पालथा घालता येईल. खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. हे काम दानधर्माचे नव्हे. वजनमापांचे निरीक्षक जे काम बाजारात करतात तेच येथे करावयाचे आहे.

आणि यंत्रावर जी चिठ्ठी लागते तिच्यावर केवळ ‘ठीक’ एवढा शब्द नसावा. ‘ठीक’ हे मत झाले, माप नव्हे. दाखविलेला आकडा, दिलेली शक्ती, लावलेला रोध, वापरलेला मापक, तारीख आणि मोजणाऱ्याची सही एवढे तरी तिच्यावर असावे. म्हणजे पुढे कोणी विचारले, तर निदान उत्तर देता येईल.

आमच्या विद्यार्थ्याने त्या दिवसापासून एक जाड वही घातली आहे. प्रत्येक यंत्रास एक पान. प्रत्येक पानावर पाच रोधांचे पाच रकाने, आणि शेवटी सही. परवा तो ती दाखवावयास घरी आला होता. आम्ही सवयीने लाल पेन हाती घेतले आणि आकडेमोड तपासली. अठरा पानांपैकी तीन पानांवर यंत्रे क्षम्य मर्यादेबाहेर भरली होती. त्यांतील दोन कमी आणि एक जास्त. ती तिन्ही, दुरुस्त होऊन पुन्हा मोजली जाईपर्यंत, त्याने वापरातून काढावयास लावली आहेत.